पॉलिशवाले विद्यार्थी

कॅनडा देशात सप्टेंबर महिना उजाडला की विद्यापीठांची दारे उघडतात. उन्हाळा सरत आलेला असतो, मेपल वृक्षांची पाने नुकती कोठे रंग बदलू लागलेली असतात, आणि सुटीत ओस पडलेली वसतिगृहे दोन दिवसांत माणसांनी गजबजून जातात. अशा दिवसांत तेथील एखाद्या शहरातून तुम्ही फेरफटका मारलात, तर चौकाचौकांत, बँकांच्या पायऱ्यांपाशी, मोठ्या दुकानांच्या दारांशी एकाच रंगाचे सदरे घातलेल्या मुलामुलींचे घोळके तुमच्या दृष्टीस पडतील. कोणी हातात फलक धरलेला, कोणी पैशांचा डबा खुळखुळावीत उभा, तर कोणी बादली आणि फडके घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी धुऊन देण्याच्या तयारीत! काही वर्षे मागे जाऊन, १९६० नंतरच्या दशकात तुम्ही याच रस्त्यांनी गेला असता, तर दृश्य याहूनही नवलाचे दिसले असते. विद्यापीठात शिकणारे तरुण पदपथावर गुडघे टेकून बसले आहेत, समोर कोणा अनोळखी गृहस्थाचा पाय आहे, आणि हे तरुण त्याच्या बुटाला मन लावून पॉलिश करीत आहेत!

मुलांनो, निधी गोळा करण्याची रीत तुम्हांला अपरिचित नाही. सैनिकांच्या कल्याणासाठी डिसेंबरच्या सात तारखेस निघणारी ध्वजदिनाची तिकिटे, अथवा क्षयरोगाच्या निवारणासाठी विकले जाणारे चिमुकले सील तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कदाचित शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकलेही असेल. परंतु कॅनडातील या मोहिमेची कथा थोडी निराळी आहे. ती सुरू झाली एका वाईट चालीचा वीट आल्यामुळे, वाढली एका दुर्धर रोगाच्या निमित्ताने, आणि पुढे एकदा, अवघ्या एका शब्दाच्या चुकीमुळे, एका मोठ्या विद्यापीठात बंद पडण्याच्या बेतात आली होती.

ओंटारिओ प्रांतात टोरोंटो शहरापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर वॉटर्लू नावाचे गाव आहे. या भागात पूर्वी जर्मन वसाहतवाल्यांची वस्ती मोठी होती. इतकी की शेजारच्या किचनर शहराचे नाव १९१६ पर्यंत बर्लिन असे होते. वॉटर्लू येथे लुथरन पंथीयांनी चालविलेले एक विद्यापीठ होते. १९७३ साली ते सरकारी व्यवस्थेखाली आले, आणि कॅनडाचे एक थोर पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांचे नाव त्याला देण्यात आले. आपल्या कथेच्या वेळी मात्र ते वॉटर्लू लुथरन विद्यापीठ या नावानेच ओळखले जात होते.

त्या काळी उत्तर अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत नवागत विद्यार्थ्यांची थट्टा करण्याची चाल होती. थट्टा हा सौम्य शब्द झाला. नव्या मुलांनी विचित्र टोप्या घालून हिंडावे, वरच्या वर्गातील मुलांची ओझी वाहावी, चारचौघांत हास्यास्पद व्हावे, आणि हे सारे निमूटपणे सोसल्यावरच त्यांना आपल्यात घेतले जावे, असा एकंदर प्रकार होता. आपल्याकडे याच रोगाला रॅगिंग म्हणतात. त्यापायी किती कोवळ्या मुलांची मने कायमची दुखावली गेली, हे पस्तीस वर्षे मुलांत वावरलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. १९६१ साली वॉटर्लू येथे नवागतांच्या स्वागताची व्यवस्था ज्या विद्यार्थ्यांकडे होती, त्यांना या चालीचा उबग आला होता. नव्या मुलांना गावाची ओळख व्हावी, गावाला मुलांची ओळख व्हावी, सगळ्यांनी मिळून काही काम करावे आणि ते चांगल्या कारणी लागावे, असे काहीतरी त्यांना हवे होते. त्यांनी ठरविले की नव्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर बसून नागरिकांच्या बुटांना पॉलिश करावे आणि मिळतील ते पैसे सत्कार्याला द्यावेत. चमक या अर्थाच्या 'शाइन' या इंग्रजी शब्दाला एक खेळकर शेपूट जोडून त्यांनी या उपक्रमाचे नाव ठेविले शाइनरामा.

या युक्तीतील मर्म पाहा. जुन्या चालीत नवागताला वाकविण्यात येत असे. नव्या उपक्रमातही तो वाकतच होता. दुसऱ्याचे जोडे हाती घेणे हे काही मानाचे काम समजले जात नाही, आणि कॅनडातही तेव्हा ते समजले जात नव्हते. पण पूर्वी तो वरच्या वर्गातील उन्मत्त मुलांपुढे त्यांच्या करमणुकीसाठी वाकत असे, आता एका रोग्याच्या कामासाठी परक्या माणसापुढे आपण होऊन वाकू लागला. शिवाय वरच्या वर्गातील मुलेही त्याच्या शेजारी ब्रश घेऊन बसत. मग कोण कोणाला हसणार?

पॉलिश करण्यात आणखीही एक शहाणपण होते. ते योजणाऱ्यांच्या मनात प्रथमपासून होते की अनुभवाने कळले, याला फारसे महत्त्व नाही. रस्त्यावर नुसता डबा पुढे केला, तर वाटसरू काय करतो? तो मान फिरवितो, घड्याळाकडे पाहतो, पावले झपाझप टाकतो. देणारा देतो तोही चालता चालता, कशासाठी देत आहोत हे न विचारता. बुटाच्या पॉलिशला मात्र वेळ लागतो. प्रथम फडक्याने धूळ झटकावयाची, मग पॉलिशचा पातळ हात द्यावयाचा, तो किंचित सुकू द्यावयाचा, त्यावरून ब्रश फिरवावयाचा आणि शेवटी मऊ कापडाने घासून चकाकी आणावयाची. दुसऱ्या पायाची पाळी अजून यावयाचीच असते! या चार-पाच मिनिटांत गिऱ्हाईक जागचे हलू शकत नाही. ते विचारते, "कशासाठी चालले आहे रे हे?" आणि गुडघे टेकून बसलेल्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. उत्तर देण्यासाठी ते आधी ठाऊक असावे लागते. म्हणजे पैसे मागावयास निघण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्या रोगाची माहिती करून घेणे भागच पडले. पैशांच्या खालोखाल, कदाचित पैशांहूनही अधिक, या मोहिमेने जे गावोगाव वाटले ती ही माहिती होय.

आता तो रोग कोणता, ते सांगावयास हवे. १९६४ सालापासून शाइनरामाचा निधी सिस्टिक फायब्रोसिस या रोगाच्या संशोधनासाठी आणि रुग्णांच्या शुश्रूषेसाठी जाऊ लागला. या रोगाशी झगडणारी एक राष्ट्रीय संस्था कॅनडात १९६० साली स्थापन झाली होती. तिला विद्यार्थ्यांचे हे बळ लाभले. पुढे एकामागून एक इतर विद्यापीठे आणि महाविद्यालये सामील होत गेली, आणि एका गावातील उपक्रम देशव्यापी झाला.

या रोगाचे नाव उच्चारावयास मोठ्यांनाही जड जाते. अमेरिकेतील एका कुटुंबाची गोष्ट सांगतात. १९६५ साली त्या घरातील एक लहान मुलगा आपली आई टेलिफोनवर या रोगाविषयी वारंवार बोलताना ऐकत असे. त्याला स्वतःला आणि त्याच्या भावंडांना हा रोग होता. एके दिवशी तो आईला म्हणाला, "तू कशासाठी काम करतेस ते मला ठाऊक आहे. पासष्ट गुलाबांसाठी!" इंग्रजीत या दोहोंचे ध्वनी जवळ येतात. त्या दिवसापासून गुलाबाचे फूल हे या रोगाविरुद्ध झटणाऱ्यांचे चिन्ह होऊन बसले.

नाव गोड झाले तरी रोग भयंकरच होता. आपल्या शरीरात फुफ्फुसांच्या नळ्यांत, आतड्यांत, स्वादुपिंडात पातळ, निसरडे स्राव सतत पाझरत असतात आणि त्यांच्यामुळे त्या त्या अवयवाचे काम सुरळीत चालते. या रोगात ते स्राव डिंकासारखे घट्ट आणि चिकट होतात. फुफ्फुसांत कफ साचून राहतो, त्यात जंतूंचे फावते, आणि एकामागून एक होणाऱ्या विकारांनी फुफ्फुसे निकामी होत जातात. स्वादुपिंडातील पाचक रस आतड्यांत पोचत नाहीत. त्यामुळे मूल पोटभर खाते आणि तरीही वाळत जाते. खाऊनही अंगी न लागणारे, सदा खोकणारे असे मूल घरात असले म्हणजे आईबापांच्या जिवाची काय अवस्था होत असेल, ते तुम्ही कल्पनेने जाणू शकाल.

युरोपातील जुन्या लोकसमजुतींत एक चमत्कारिक वाटणारी समजूत होती. ज्या बाळाच्या कपाळाचे चुंबन घेताच ओठांना खारट चव लागते, ते बाळ थोड्या दिवसांचे सोबती, असे म्हातारी माणसे म्हणत. त्या बाळाला कोणी चेटूक केले आहे असेही मानीत. शतकानुशतके चालत आलेल्या या समजुतीत खरे निरीक्षण दडलेले होते, हे पुढे उघडकीस आले. १९३८ साली न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीने मृत बालकांच्या स्वादुपिंडांचे परीक्षण करून हा एक स्वतंत्र रोग असल्याचे प्रथम दाखवून दिले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४८ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये उष्म्याची मोठी लाट आली. उन्हाने कासावीस होऊन रुग्णालयात आणलेल्या मुलांत या रोगाची मुलेच पुष्कळ आहेत, हे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. असे का व्हावे, याचा डॉ. पॉल दी सान्तान्येझे यांनी छडा लावला, आणि या मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण फार अधिक असते हे १९५३ साली सिद्ध केले. आजही घामातील मीठ मोजूनच या रोगाचे निदान केले जाते. म्हाताऱ्यांच्या ओठांना जे कळले होते त्याचे कारण सापडावयास इतका काळ लागला!

परंतु निदान म्हणजे उपचार नव्हे. वॉटर्लूचे विद्यार्थी १९६४ साली या कामासाठी प्रथम रस्त्यावर बसले, तेव्हा कॅनडात हा रोग घेऊन जन्मलेली बहुतेक मुले शाळेची पायरी चढण्याइतकीही जगत नसत. जी जगत, त्यांच्या घरातील दिवस एका विशिष्ट आवाजाने सुरू होई. आई किंवा बाप मुलाला पालथे घालून, ओंजळीसारखा पोकळ केलेला तळहात त्याच्या पाठीवर थपथप आपटीत असे, म्हणजे आतला कफ सुटावा. सकाळी असे, रात्री पुन्हा तसेच. सुटी नाही, सणवार नाही. जेवणाआधी पाचक औषध घ्यावयाचे, आणि जराशी सर्दी झाली की रुग्णालय गाठावयाचे. जे विद्यार्थी पॉलिश करीत होते ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. ज्यांच्यासाठी ते पॉलिश करीत होते, त्यांतून त्यांच्या वयापर्यंत पोचणारे विरळाच.

हा रोग संसर्गाने होत नाही. तो आईबापांकडून येतो. त्याचे मूळ ज्या जनुकात असते ते बिघडलेले जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल निरोगी राहते, केवळ वाहक बनते. दोन्ही पालकांकडून आले तरच रोग होतो. दोघेही वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. कॅनडात दर पंचवीस माणसांत सुमारे एक जण असा वाहक असतो, आणि त्याला स्वतःला बहुधा याचा पत्ताही नसतो. पदपथावर बसलेल्या विद्यार्थ्यापुढून दिवसभरात जी शेकडो माणसे जात, त्यांतील कित्येक आपल्या रक्तात हा रोग वागवीत निघून जात होती! डब्यात नाणे टाकणारा आपण परक्याच्या मुलासाठी देत आहोत असे समजत असेल. पण ते मूल त्याच्या स्वतःच्या नातवंडांपैकीही असू शकले असते.

गोळा झालेल्या पैशांचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार देणाऱ्याला नेहमीच असतो. निधीचा काही भाग निरनिराळ्या शहरांतील उपचारकेंद्रांना मिळाला. तेथे वैद्य, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकविणारे एकाच ठिकाणी बसून प्रत्येक मुलाकडे वर्षानुवर्षे लक्ष पुरवीत. काही भाग संशोधकांच्या प्रयोगशाळांकडे गेला. टोरोंटो येथील बालरुग्णालयात लॅप-ची त्सुई नावाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांचा जन्म शांघायचा, बालपण व शिक्षण हाँगकाँगचे. माणसाच्या शरीरातील असंख्य जनुकांतून या रोगाला कारण होणारे एकच जनुक हुडकून काढणे, हा त्यांचा उद्योग होता. गवताच्या गंजीत सुई शोधावी असे हे काम. आणि ती गंजीही धड डोळ्यांना दिसत नव्हती. टोरोंटोचेच जॉन रिओर्डन आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या सहकार्याने १९८९ साली ते जनुक सापडले. सातव्या गुणसूत्रावर ते बसलेले होते. त्याच्या आज्ञेने शरीरात १४८० कड्यांच्या साखळीचे एक प्रथिन तयार होते, आणि ते पेशीच्या दाराशी राहून क्षाराची ये-जा सांभाळते. पुष्कळशा रुग्णांत या साखळीतील ५०८ क्रमांकाची एकच कडी गळालेली असते. एका कडीवाचून फुफ्फुसे निकामी होतात! त्सुई यांच्या संशोधनाला कॅनडातील ज्या राष्ट्रीय संस्थेचे साहाय्य होते, तिच्याच झोळीत विद्यार्थ्यांचे डबे रिकामे होत असत. म्हणून हा शोध विद्यार्थ्यांनी लाविला असे म्हणणे खुळेपणाचे ठरेल. सरकारांनी, धनिकांनी, आईबापांनी, दुसऱ्या देशांतील संस्थांनी दिलेले द्रव्यही त्यात होते. पण त्यात बुटांच्या पॉलिशचाही पैसा होता, ही गोष्ट खरी आहे.

जनुक सापडल्यावर रोग लागलीच बरा होईल, असे अनेकांना वाटले होते. तसे झाले नाही. मध्यंतरी तीस वर्षे गेली. पॉलिशच्या डब्या मात्र हळूहळू दिसेनाशा झाल्या, कारण लोक कातडी बूट सोडून कापडी आणि रबरी जोडे वापरू लागले. त्यांना पॉलिश कसले करणार? विद्यार्थ्यांनी मोटारी धुतल्या, रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ भाजून विकले, गाणी म्हटली. नाव मात्र शाइनरामाच राहिले. चांगल्या वर्षी देशभरातून दहा लाख डॉलरांच्या आसपास रक्कम जमू लागली, आणि १९६४ पासूनची एकूण बेरीज दोन कोटी डॉलरांच्या पलीकडे गेली.

आता ती ओटावा येथील घटना. ओटावा ही कॅनडाची राजधानी. तेथील कार्लटन विद्यापीठाचे विद्यार्थी अनेक वर्षे या मोहिमेत भाग घेत आले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांच्या विद्यार्थी संघटनेच्या परिषदेपुढे एक ठराव आला. आपल्या विद्यापीठात नाना देशांतून आलेले, नाना वर्णांचे विद्यार्थी आहेत. निधी गोळा करताना आपण आपल्याच विविध समाजांची सेवा करीत आहोत असे प्रत्येकाला वाटले पाहिजे. सिस्टिक फायब्रोसिस हा रोग तर केवळ गोऱ्या लोकांना, आणि त्यांतही मुख्यत्वे पुरुषांना होतो. सबब पुढील वर्षापासून दुसरी एखादी संस्था निवडावी. असा त्याचा आशय होता. परिषदेने तो मोठ्या बहुमताने संमत केला!

ठरावामागील भावना सर्वस्वी वाईट होती असे मला वाटत नाही. वर्गात सगळ्यांना सामावून घ्यावे, एकालाही परके वाटू नये, ही इच्छा चांगलीच आहे. रोगही जगात पुष्कळ आहेत. दर वर्षी निराळ्या रोगासाठी निधी जमवावा असे कोणी म्हटले, तर त्यावर वाद होऊ शकेल, पण तो गुन्हा नव्हे. येथे गफलत झाली ती निराळ्याच ठिकाणी. भाषेच्या शिक्षकाला ती चटकन दिसते. "हा रोग गोऱ्या लोकांत अधिक आढळतो" हे वाक्य खरे आहे. "हा रोग केवळ गोऱ्या लोकांना होतो" हे वाक्य खोटे आहे. 'अधिक' आणि 'केवळ' या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्या अंतरात जगभरची किती माणसे बसतात! भारतात हा रोग आढळतो, पाकिस्तानात आढळतो, अरब देशांत आढळतो, आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांत आढळतो. आपल्याकडे तर तो असूनही कित्येकदा ओळखला जात नाही. मूल सारखे खोकते म्हणून दमा समजतात, वाळते म्हणून कुपोषण समजतात, कधी क्षयाचे औषध सुरू करितात. घामातील मीठ मोजावे हे कोणाला सुचतच नाही, आणि मोजण्याची सोयही सर्वत्र नाही. आढळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पाहिले होते काय, असे आधी विचारावे लागते.

ठरावातील दुसरे विधानही निराधार होते. ज्या सातव्या गुणसूत्राचा उल्लेख वर आला, ते स्त्रीपुरुष दोघांतही सारखेच असते. म्हणून रोगही मुलामुलींना सारख्याच प्रमाणात होतो. उलट, रुग्ण मुलींचे आयुष्य मुलांपेक्षा काहीसे कमीच भरते, असे अनेक वर्षांच्या नोंदींत आढळून आले होते.

बातमी वर्तमानपत्रांत आली आणि देशभर गहजब झाला. रुग्णांनी आणि त्यांच्या आईबापांनी निषेध केला. कार्लटनचे विद्यार्थीही चिडून उठले. आमच्या नावाने हे कोणी ठरविले, असे ते विचारू लागले. आठवडाभरातच परिषदेची खास बैठक भरली आणि ठराव मागे घेण्यात आला. संघटनेच्या अध्यक्षांनी क्षमा मागितली.

बहुतेक लोकांनी प्रकरण तेवढ्यावर सोडून दिले. पण एक प्रश्न उरतोच. समजा, ठरावातील माहिती खरी असती, हा रोग खरोखरीच एकाच वर्णाच्या मुलांना झाला असता. तर मग इतरांनी डबा खाली ठेवणे योग्य ठरले असते काय? आपल्यासारखा दिसणारा असेल त्यालाच मदत करावयाची, हा हिशेब दुकानदारीतही टिकत नाही. हा हिशेब त्सुई यांनी केला असता, तर टोरोंटोच्या रुग्णालयात बसून आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी कोणत्या जनुकामागे घालविली असती?

इकडे संशोधन चालूच होते. बिघडलेल्या त्या प्रथिनाला हात देऊन त्याच्याकडून काम करवून घेणारी औषधे अमेरिकेत निर्माण होऊ लागली. त्यांच्या आरंभीच्या संशोधनालाही तेथील रुग्णसंस्थेने लोकांकडून जमविलेल्या देणग्यांचाच मोठा आधार होता. पहिले औषध २०१२ साली आले. ते थोड्याच रुग्णांच्या उपयोगाचे होते. तीन औषधांचे मिश्रण असलेले ट्रायकाफ्टा नावाचे औषध अमेरिकेत २०१९ साली आणि कॅनडात २०२१ साली मान्य झाले. त्याचा गुण पाहून डॉक्टरही थक्क झाले. वर्षानुवर्षे खोकणाऱ्यांचा खोकला दिवसांत कमी झाला, फुफ्फुसांच्या रोपणासाठी नावे नोंदवून बसलेल्यांपैकी काहींना त्याची गरज उरली नाही. कॅनडात या रोगाचे चार हजारांहून थोडे अधिक लोक आहेत, आणि आता त्यांतील निम्म्याहून अधिक प्रौढ आहेत. ज्या रोगात मूल शाळेपर्यंत पोचत नसे, त्याच रोगाच्या रुग्णांची अपेक्षित आयुर्मर्यादा आता पन्नाशीच्या पलीकडे गेली आहे. त्यांच्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, स्वतः आईबाप झालेले आहेत. पूर्वी केवळ आजारी मुलांसाठी बांधलेली उपचारकेंद्रे आता मध्यमवयीन रुग्णांच्या मधुमेहाची आणि हाडांच्या दुखण्यांची चिंता वाहत आहेत.

पण औषधाची किंमत पाहिली म्हणजे छाती दडपते. कॅनडात ते आले तेव्हा एका रुग्णाला एका वर्षासाठी त्याची किंमत सुमारे तीन लाख डॉलर होती. हिशेब तुम्हीच करा. साऱ्या देशातील विद्यार्थ्यांनी एका सप्टेंबरात जमविलेला दहा लाखांचा निधी या किमतीने तीन रुग्णांना जेमतेम वर्षभर पुरता! जी नाणी टाकून टाकून लोकांनी संशोधनाचे रोप वाढविले, त्याचे फळ त्यांच्याच हाताला लागू नये, असा हा प्रसंग होता. सुदैवाने तेथील प्रांतांच्या सरकारांनी खर्चाचा मोठा भार उचलला. त्यासाठीही रुग्णांना आणि त्यांच्या मित्रांना अर्ज करावे लागले, निदर्शने करावी लागली. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत शाइनरामात कधीकाळी डबा धरलेली माणसे होती, यात नवल नाही. ज्या देशांची सरकारे असा भार उचलू शकत नाहीत, तेथील रुग्णांना हे औषध नावानेच माहीत आहे.

मग रस्त्यावरच्या निधीचा आता उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ५०८ क्रमांकाच्या त्या कडीपाशीच आहे. नवे औषध मुख्यतः ती कडी गळालेल्या रुग्णांसाठी घडविलेले आहे. कॅनडातील सुमारे नऊदशांश रुग्ण त्याचा लाभ घेऊ शकतात. उरलेल्यांच्या जनुकांत बिघाड आहे, पण तो निराळ्या जागी; काहींच्या शरीरात तर ते प्रथिन तयारच होत नाही, मग औषध हात कोणाला देणार? त्यांच्या घरी कफ सुटावा म्हणून सकाळ-संध्याकाळ चालणारी खटपट अद्याप थांबलेली नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत ती विशिष्ट कडी गळण्याचा प्रकार फार आढळतो, इतरांत तितका आढळत नाही. म्हणून या मागे राहिलेल्या रुग्णांत आशियातून आणि आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील मुलांचे प्रमाण अधिक आहे. हा रोग त्यांना होतच नाही असे २००८ साली ज्यांच्याविषयी ठरविण्यात आले होते, ती हीच मुले होत. आणि आता संशोधनाला जो पैसा हवा आहे, तो पुष्कळसा त्यांच्यासाठीच हवा आहे.